बिअर्डेड ड्रॅगनसाठी (हा पाळीव सरडा) घरीच प्लायवूडची पेटी केली तर चालेल का?

चालेल की! पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनला किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच जागा लागते, म्हणून पिल्लू आहे तोवरच मोठी पेटी करून टाका. प्लायला आतून पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत त्याला आत सोडू नका. इथेच सगळे घाई करतात.

एका टोकाला ऊन खायचा दगड, साधारण ४० अंश. दुसरं टोक २५च्या आसपास. ऊब देणाऱ्या दिव्याला थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारं यंत्र) हवाच. यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरण देणारा नळीसारखा दिवा) आतच बसवा, कारण काचेतून ते किरण जवळपास येतच नाहीत. दोन्ही बाजूंना जाळीची भोकं ठेवा, एक खाली, एक वर. तळाला वाळू मात्र नको.