तरुण ‘का?’ विचारतात, ज्येष्ठ नाराज होतात

प्रश्न : मी एका कंपनीच्या लेखा विभागाची प्रमुख आहे. विभागात निवृत्तीला आलेले सहकारी आहेत आणि नुकतीच नोकरीला लागलेली तरुण मंडळीही आहेत. ज्येष्ठांची तक्रार अशी, की ही मुले वेळ संपली की उठतात आणि प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारतात, तरुणांचे म्हणणे असे, की चांगल्या कामाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, चूक झाली की मात्र सर्वांसमोर ऐकवले जाते. दोघांनाही कामात उत्साह वाटावा म्हणून काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातून वयाचा उल्लेख वगळला, तर उरते ते एवढेच, की थांबण्याच्या वेळेबद्दल काही ठरलेले नाही, पद्धती लिहून ठेवलेल्या नाहीत आणि चूक कशी दाखवावी याला धरबंध नाही. पिढ्यांचे ठोकळे करून कर्मचाऱ्यांविषयी निर्णय घेण्यास संशोधनाचा पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०२० मधील अहवालातही आहे. पंचविशीतला माणूस सारखे विचारतो, ते बहुधा नवखा असतो म्हणून. आजचे ज्येष्ठही त्या वयात विचारतच असणार, फक्त आता ते त्यांच्या लक्षात नसावे.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेली विभागणी येथे उपयोगी पडेल. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक यांत बिघाड झाला की माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून कामाची ओढ वाढतेच असे नाही; ती वाढते दाद, जबाबदारी आणि खुद्द कामातला रस यांमुळे. सर्वांसमोर ऐकवणे पहिल्या प्रकारात मोडते, ते तातडीने थांबवा आणि चूक एकट्याला बोलावून सांगा. दाद ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि तीही ‘छान’ एवढ्यावर न भागवता ‘त्या पुरवठादाराच्या खात्यातला फरक तुम्ही शोधलात, म्हणून हिशेब वेळेत जुळला’ इतकी नेमकी हवी.

महिनाअखेरीची एखादी नोंद तीन तारखेपर्यंत का रोखून धरायची, हे ज्येष्ठांच्या डोक्यात असते, कागदावर नसते. त्यांना ‘मुलांना शिकवा’ असे मोघम सांगू नका; नव्या सहकाऱ्याने शेजारी बसून ती पद्धत लिहावी आणि ज्येष्ठांनी तो मसुदा दुरुस्त करावा, म्हणजे ‘का?’ला तिथेच उत्तर मिळेल.

उशिरा थांबण्याचे दिवस महिन्याच्या सुरुवातीलाच जाहीर करा. एरवी काम संपवून वेळेवर जाणाऱ्याला बोल लावू नये.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक अन्याय सर्रास होतो. निवृत्ती जवळ आली म्हणून नवे काम, नवे प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि मग त्यांना शिकण्यात रस नाही, असा शेरा मारला जातो. पुढची संगणकप्रणाली आणाल तेव्हा चाचणी करणाऱ्या गटात त्यांच्यापैकी एकाला पहिल्या दिवसापासून घ्या. कोणते व्यवहार तिच्यात अडतील, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.