‘पोरगं भाजीला हातच लावत न्हाई’
"मॅडम, ताटात भाजी दिसली की पोरगं उठतंय. टॉनिक सुरू करू का?" समुपदेशनाला येणाऱ्या आयांचा हा नेहमीचा प्रश्न. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या ज्या सूनबाईंबद्दल लिहितेय (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत), त्यांचा मुलगा आठ वर्षांचा. "दोन घास मेथी खा, मग मोबाईल" हा सौदाही करून झाला होता. अशा सौद्याने मोबाईल आणखी गोड होतो आणि मेथी आणखी कडू.

मी मुलाबद्दल फारसं विचारलंच नाही. जेवायला कोण कुठं बसतं, आधी कुणाला वाढता, हे विचारलं. आधी पुरुषांची पंगत: आबा, वडील, काका आणि आबांच्या मांडीला मांडी लावून हा. बुधवारी-रविवारी तांबडा-पांढरा रस्सा, एरवी अंडी नाहीतर आमटी-भाकरी. पालेभाजी रोज व्हायची, पण ती मागून जेवणाऱ्या बायकांच्या ताटात. आबा तरुणपणी तालमीत घुमलेले. पोकळा दिसला की म्हणायचे, "गवत खायला आम्ही काय म्हसरं हाय?" सगळे हसायचे, नातूही. घरातला रुबाबदार माणूस कोण, हे पोरांना बरोबर कळतं.

शाळेच्या फाटकासमोर वड्याची गाडी, फळवाला वाटेत एकही नाही. घरातली केळी देवापुढं नाहीतर एकादशीला. म्हणजे फळ हे उपवासाचं किंवा आजाऱ्याचं.

जागतिक आरोग्य संघटना सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी रोज किमान ३५० ग्रॅम भाज्या-फळं सांगते, तीही बटाटा न धरता. आकडा ऐकून बाई धास्तावल्या. म्हटलं, तराजू राहू दे, पुढच्या वेळी आबांना घेऊन या.

"आबा, रानात असताना भाकरीबरोबर काय खायचात?"

"खर्डा. उपटलेला मुळा, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला..."

"मग ते गवत नव्हतं?"

आबा मिशीत हसले. "ते येगळं वो!"

तिथंच धागा सापडला. भाजीची सक्ती बंद. प्रत्येकाच्या ताटात, आबांच्याही, चमचाभर भाजी वाढायची. खायची का नाही ते मुलानं ठरवायचं. नवी चव पटायला मुलांसमोर तोच पदार्थ कधी दहा-पंधरा वेळाही यावा लागतो, घरी मात्र दोन नकारांत विषय संपतो. आबांनी नातवाला कपिलतीर्थ मंडईत न्यायचं, एक भाजी त्यानं निवडायची. केळी-पेरू हाताला येतील असे खाली ठेवायचे. (वजन घटत असेल किंवा घास गिळतानाच त्रास होत असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.)

काही आठवड्यांनी बाई आल्या. पोरगं आबांच्या बरोबरीनं मीठ लावून मुळा खातंय, पेरूही संपतात. मेथी अजून नाही. गवताचा विनोद आता वडील करतात. पुढच्या भेटीला त्यांना बोलावलंय.