पेटी कोणाची, कंपनी कोणाची?

प्रश्न : नमस्कार सर, फोंड्यात आमची छोटी पतसंस्था आहे, मी अकाउंट्स बघते पण कॉम्प्युटरचं काही बिघडलं की सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात. सर्व्हर रूममध्ये (रूम कसली, कपाटच ते) जुनी सायबरओमची फायरवॉल (ऑफिसचं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये राखणदारी करणारी पेटी) आहे, वेंडर म्हणतो तिचा सपोर्ट संपला, चवथीच्या आधी फोर्टिनेटची घ्या. संचालक विचारतात ही फोर्टिनेट कोण, उद्या तीही गेली तर? काय सांगू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, तुमचे संचालक हुशार आहेत हो, बाकीचे नुसती पेटीची किंमत विचारतात. सायबरओम आपल्याच देशातली, अहमदाबादच्या एलिटकोरची, 2014 मध्ये ती ब्रिटनच्या सोफोसने घेतली आणि 2020 मध्ये खुद्द सोफोसलाच थोमा ब्राव्हो नावाच्या अमेरिकन गुंतवणूक फर्मने साधारण 3.9 अब्ज डॉलरला घेतलं. म्हणजे कंपनी मेली नाही, सासरी गेली आणि नाव बदललं, आता विकायचं ते सोफोसच्या नावाने.

फोर्टिनेट ही केन शिये आणि मायकल शिये या दोघा भावांनी 2000 साली कॅलिफोर्नियात काढली. केनची ही पहिली नव्हे, आधी नेटस्क्रीन नावाची फायरवॉल कंपनी होती, ती 2004 मध्ये ज्युनिपर या नेटवर्क कंपनीने सुमारे 4 अब्ज डॉलरला उचलली. आणि गंमत बघा, याच नेटस्क्रीनमध्ये निर झुक नावाचा इंजिनिअर होता, त्याने 2005 मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स ही फायरवॉल कंपनी काढली, आणि नेटस्क्रीनच्या आधी तो कुठे, तर 1993 मध्ये सुरू झालेल्या इस्रायलच्या चेक पॉइंटमध्ये! म्हणजे उद्या फोर्टिनेट, पालो आल्टो आणि चेक पॉइंट या तिघांची कोटेशनं टेबलावर आली तर समजा एकाच वाड्यावरचे भाऊबंद आलेत. फोर्टिनेट 2009 पासून नॅस्डॅक या अमेरिकन शेअर बाजारावर लिस्टेड आहे, केन अजून सीईओ आहे, आणि चिप स्वतःच डिझाइन करतात म्हणून लहान पेटीतही स्पीड बरा मिळतो. एवढं संचालकांना पुरे.

पण विकत घेताना डोकं लावायचं ते दुसरीकडेच. फायरवॉल म्हणजे एकदा घेतली आणि विसरलो असा फ्रीज नव्हे, पोदेराचा पाव आहे तो, रोज सकाळी ताजा यायला हवा. नवीन हल्ले ओळखायची माहिती कंपनी सतत पाठवते, वर्षाच्या लायसन्सचे पैसे त्याचेच, आणि रिन्यूअल राहिलं की दिवे हिरवेच लुकलुकतात, कोणाला पत्ताही लागत नाही, पण आत पाव शिळा. म्हणून कोटेशन 3 वर्षांच्या रिन्यूअलसकट मागा, बऱ्याचदा पेटी स्वस्त आणि रिन्यूअल महाग निघतं. त्या मॉडेलचा सपोर्ट कधीपर्यंत ते लेखी घ्या. आणि अपडेट कोण टाकणार ते आधीच ठरवा, कारण फोर्टिनेटच्या व्हीपीएनमधल्या (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) त्रुटी हल्लेखोरांनी एकापेक्षा जास्त वेळा वापरल्यात, पॅच (त्रुटी बुजवणारा अपडेट) आलेला असतो पण टाकलेला नसतो. (पालो आल्टोवाल्यांनी हसू नये, 2024 मध्ये त्यांच्यावरही ती वेळ आली.)

प्रश्न : कॉम्प्युटर सुरक्षेच्या या धंद्यात आपला मराठी माणूस कोणीच नाही का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आहे की! क्विक हील. सातारा जिल्ह्यातले काटकर बंधू, थोरले कैलाश पुण्यात कॅल्क्युलेटर रिपेअर करायचे, पुढे दुकानात कॉम्प्युटर यायला लागले ते व्हायरस घेऊनच, मग धाकट्या संजयने त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं. 1995 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस, 2016 मध्ये थेट शेअर बाजार. ऑफिसांसाठी त्यांचा सेक्राइट ब्रँड आहे. मात्र मुख्य जोर पीसीवर बसणाऱ्या संरक्षणावर, दारावरची फायरवॉल वेगळी, तेव्हा फोंड्याच्या ताईंना दोन्ही लागणार, बजेट त्या हिशोबाने मागा.