स्टोअर गच्च, तरी लाइन उभी

प्रश्न : भोसरीत आमचा पंप बनवण्याचा छोटा कारखाना आहे. कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला भाग, कोल्हापूरहून येतं. स्टोअर मालानं भरलेलं असतं, तरी महिन्यातून दोन-तीनदा एखाद्या कास्टिंगवाचून लाइन थांबते. ज्या कंपन्यांची पुरवठा साखळी उत्तम चालते, त्या वेगळं काय करतात?

उत्तर : बहुतेक ठिकाणी सगळा जोर विक्रीचा अंदाज सुधारण्यावर असतो. चांगल्या कंपन्या माल ठरल्या दिवसापेक्षा किती मागेपुढे येतो, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजतात. खरी गोम तिथेच असते.

धरा, एक कास्टिंग रोज सरासरी २०० नग लागतं आणि त्यात ४० नगांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, आहे. लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल हाती पडेपर्यंतचा वेळ, कामाचे १५ दिवस, त्याचं विचलन ४ दिवस. आता १५ गुणिले ४० चा वर्ग म्हणजे २४,०००. २०० चा वर्ग गुणिले ४ चा वर्ग म्हणजे ६,४०,०००. दोन्हींच्या बेरजेचं वर्गमूळ येतं सुमारे ८१५. दर खेपेला ९५ टक्के खात्री हवी असेल, तर त्याला १.६५ नं गुणायचं. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडचणीसाठी हाताशी ठेवायचा जादा साठा, झाला १,३४५ नग.

विक्रीचा अंदाज सुधारून मागणीचं विचलन निम्म्यावर आणलंत, तरी हा आकडा १,३२६ च राहतो. त्याऐवजी लीड टाइमचं विचलन ४ वरून १ दिवसावर आणलंत, तर ४१७ नग पुरतात.

म्हणून महाग आणि अडणाऱ्या वीस आयटमच्या शेवटच्या बारा खेपा काढा. ऑर्डरच्या तारखेपासून माल तपासणीत पास होईपर्यंतचे दिवस मोजा. गेट एंट्रीची तारीख धरू नका. ब्लोहोल, म्हणजे ओतकामात वायू अडकून राहिलेली छिद्रं, बहुधा मशीनिंगनंतरच दिसतात, आणि लॉट नाकारला की त्या मालाचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. एक्सेलमध्ये सरासरी आणि विचलन लगेच निघेल.

मग फाउंड्रीशी, म्हणजे ओतकाम करणाऱ्या कारखान्याशी, बोला. तुमच्या धातूच्या ग्रेडचं पुरेसं काम साठेपर्यंत छोटी ऑर्डर पडून राहते, पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना, दुरुस्तीला गेलेला असतो, किंवा मागचं बिल थकलेलं असतं म्हणून तुमचा नंबर मागे जातो. आठ आठवड्यांची मागणी दर आठवड्याला कळवा, त्यातले पहिले चार आठवडे अजिबात बदलू नका आणि ओतकामाचा वार बांधून घ्या. पेमेंट वेळेवर करा. हे कळकळीनं सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

स्टोअरचे आकडे खरे नसतील, तर वरचं सगळं गणित वाया. रात्रपाळीत स्लिपशिवाय माल उचलला जातो आणि संगणकात तो शिल्लकच दिसत राहतो. रोज दहा आयटम प्रत्यक्ष मोजा. महत्त्वाचा प्रत्येक आयटम महिन्यातून एकदा यायलाच हवा. फरक सापडला की आकडा दुरुस्त करून थांबू नका, तो का पडला ते त्याच दिवशी शोधा.

प्रश्न : एकाच पुरवठादाराकडून माल घेतला तर दर चांगला मिळतो. दुसरा ठेवावा का?

उत्तर : सगळ्या मालासाठी गरज नाही. ज्या भागावाचून लाइन थांबते आणि जो बाजारात तयार मिळत नाही, त्यासाठी ठेवाच. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत अल्बुकर्कीच्या फिलिप्स चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. ती काही मिनिटांतच विझली, पण धुरानं क्लीन रूम, म्हणजे चिप बनवण्याची धूळमुक्त खोली, खराब झाली. नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल फोन बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांचा माल तिथूनच यायचा. नोकियानं खेप लांबताच रोज पाठपुरावा सुरू केला आणि इतर कारखान्यांची क्षमता आधी अडवली. एरिक्सनकडे त्या चिपचा दुसरा स्रोत नव्हता. तिचं नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरचं झालं.

तुमच्या बाबतीत दुसऱ्या फाउंड्रीला २० ते ३० टक्के काम नियमित द्या. नमुना पास करून फाइलला लावलेला पुरवठादार अडचणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही. पॅटर्न तुमच्या मालकीचा आहे, हे ऑर्डरवर लिहून घ्या.