एकच सिनेमा, चार पोस्टर

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरवर जेलीफिन (घरातले सिनेमे टीव्हीवर, फोनवर पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम) बसवून घरातल्या सिनेमांचा संग्रह लावतो आहे. ‘ब्लेड रनर’च्या माझ्याकडे चार फाइली आहेत : थिएटरमधली मूळ प्रत, डायरेक्टर्स कट, फायनल कट ४के आणि फायनल कट १०८०पी. टीव्हीवर चार पोस्टर शेजारी शेजारी दिसतात आणि चारहींवर नाव एकच. कुठलं लावायचं हेच घरात कुणाला कळत नाही. डिस्कही भरत आली आहे. कुठली ठेवू आणि कुठली उडवू?

उत्तर : उडवायची घाई करू नका. तुमच्याकडे फाइली चार असल्या तरी सिनेमे तीन आहेत. हा हिशेब आधी डोक्यात पक्का करा, मग बाकीचं सोपं आहे. १९८२ च्या मूळ प्रतीत नायकाचं निवेदन आहे आणि शेवट गोड आहे. १९९२ च्या डायरेक्टर्स कटमध्ये निवेदन गेलं, गोड शेवट गेला आणि युनिकॉर्नचं स्वप्न आलं. २००७ चा फायनल कट दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी पूर्णपणे आपल्या मनासारखा केला. या तिन्ही प्रती पाहताना तुमचं नायकाबद्दलचं मत बदलतं. त्यामुळे यातली एकही प्रत दुसरीची ‘जुनी कॉपी’ नाही आणि मी तरी तिन्ही ठेवेन. फायनल कटच्या दोन फाइली म्हणजे मात्र एकच सिनेमा, कमी-जास्त पिक्सेलमध्ये. जागा वाचवायची असेल तर विचार फक्त या दोघींचा करायचा.

आता पोस्टरांचं. चारही फाइली एकाच फोल्डरमध्ये टाका. फोल्डरचं नाव ‘ब्लेड रनर (१९८२)’. मग प्रत्येक फाइलचं नाव अगदी याच अक्षरांनी सुरू झालं पाहिजे. त्यापुढे एक स्पेस, एक साधी आडवी रेघ, पुन्हा एक स्पेस आणि मग ओळख : ‘ब्लेड रनर (१९८२) - फायनल कट’. वर्षाभोवतीचा कंस लिहायचा राहून गेला किंवा मध्ये एक स्पेस जास्त पडली, की ती फाइल गटाबाहेर पडते आणि तिचं वेगळं पोस्टर उगवतं. रेघही कीबोर्डवरची साधीच हवी. कुठून तरी कॉपी करताना लांब रेघ येते, ती चालत नाही. इथे मी नावं देवनागरीत लिहिली आहेत, पण प्रत्यक्ष फाइलवर सिनेमाचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि वर्ष इंग्रजी आकड्यांत ठेवा. माहिती शोधायला ते सोयीचं पडतं. रेघेपुढची ओळख मराठीत लिहिलीत तरी हरकत नाही.

वर्षाबद्दल आग्रहाने सांगते. फायनल कट २००७ चा असला तरी नावात १९८२ च लिहायचं, कारण सिनेमा १९८२ चा आहे. ‘मुघल-ए-आझम’चंही तसंच. पूर्ण रंगीत प्रत २००४ मध्ये आली, तरी दोन्ही फाइलींच्या नावात १९६० च हवं. रंगीत की मूळ, हे रेघेपुढे लिहा.

एवढं करून लायब्ररी पुन्हा स्कॅन केलीत की पोस्टर एकच उरेल आणि त्याच्या पानावर आवृत्ती निवडायची यादी दिसेल. ओळख १०८०पी, २१६०पी (म्हणजे ४के) अशी असेल तर यादी मोठ्या रिझोल्यूशनपासून लागते, बाकीची नावं अक्षरक्रमाने येतात. यादीत जी पहिली, तीच न विचारता सुरू होते. घरातल्यांनी आधी कुठली पाहावी असं तुम्हाला वाटतं, त्याचा विचार करून ओळख लिहा. ओळख म्हणून ‘नवीन’ किंवा ‘चांगली’ लिहू नका. सहा महिन्यांनी तुम्हालाच त्याचा अर्थ लागणार नाही. फाइली दोन डिस्कवर विखुरलेल्या असतील तर ब्राउझरमध्ये जेलीफिन उघडून दोन्ही पोस्टर निवडा आणि आवृत्त्या एकत्र करण्याचा पर्याय वापरा.

जेलीफिनऐवजी प्लेक्स हा तसाच प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे फाइलच्या नावात महिरपी कंसात ‘एडिशन’ हा शब्द, जोडरेघ आणि कटचं नाव लिहिलं की प्रत्येक कट स्वतंत्र दिसतो आणि पोस्टरखाली त्याचं नावही येतं. मला ही रीत जास्त आवडते. वेगळा कट यादीत दडून राहू नये, समोर दिसावा. कोडी या सिनेमे लावायच्या प्रोग्राममध्ये एकाच सिनेमाच्या आवृत्त्या सांभाळायची सोय २०२४ च्या २१ व्या आवृत्तीपासून आली आहे.

राहिला फायनल कटच्या दोन फाइलींचा प्रश्न. ४के चित्रात १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात, फाइलही अवाढव्य होते. घरातले सगळे टीव्ही ती थेट चालवत असतील तर १०८०पी काढून टाका. पण कुणी फोनवर किंवा जुन्या टीव्हीवर पाहत असेल तर सर्व्हरला ४के फाइल जागच्या जागी बदलून पाठवावी लागते. जुन्या कॉम्प्युटरला ते झेपत नाही आणि चित्र अडखळतं. चित्र एचडीआर (उजेड आणि रंग जास्त खुलवणाऱ्या) प्रकारचं असेल तर रंगही रूपांतरित करावे लागतात, ते नीट झालं नाही तर चेहरे फिकट दिसतात. तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, तेव्हा दोन्ही राहू द्या.

प्रश्न : एकाच सिनेमाची एक फाइल बरोबर दोन तासांची आहे, दुसरी सुमारे १ तास ५५ मिनिटांची. दुसरीतले प्रसंग कापले असतील का? सबटायटलही तिच्यावर बसत नाहीत. सुरुवातीला ठीक असतात, मग मागे पडत जातात.

उत्तर : बहुधा एकही प्रसंग कापलेला नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीसाठी तो अनेकदा २५ ने पळवला जायचा. त्यामुळे लांबी चार टक्क्यांनी घटते आणि दोन तासांचे ११५ मिनिटं होतात. मीडियाइन्फो हे मोफत साधन घ्या, दोन्ही फाइली त्यात उघडा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो पाहा. एकीत २३.९७६ किंवा २४ आणि दुसरीत २५ दिसलं तर कोडं सुटलं. खात्री करायची तर दोन्हींतला शेवटचा संवाद शोधा : पहिलीत तो १०० व्या मिनिटाला असेल तर दुसरीत ९६ व्या मिनिटाला सापडेल. फरक सुरुवातीपासून हळूहळू वाढत गेला तर वेगाचा, एखाद्या ठिकाणी अचानक उडी मारली तर कापाकापीचा. 

सबटायटल काही सेकंद मागेपुढे सरकवून इथे उपयोग नाही, त्यांचा वेगच बदलावा लागतो. सबटायटल एडिट नावाच्या प्रोग्राममध्ये फ्रेम रेट बदलायचा पर्याय आहे, तो वापरा. तयार झालेल्या फाइलला त्या व्हिडिओचंच पूर्ण नाव द्या, रेघेपुढच्या ओळखीसकट, आणि शेवटी भाषेचा कोड. नाहीतर एका आवृत्तीची सबटायटल दुसरीला चिकटतात.

प्रश्न : मूळ भाषेतली आणि डब केलेली, अशा दोन फाइली आहेत. या दोन आवृत्त्या धरायच्या का?

उत्तर : चित्र आणि लांबी तंतोतंत एक असेल तर नाही. एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये कितीही ऑडिओ ट्रॅक राहतात. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्राममध्ये चांगल्या चित्राची फाइल घ्या, दुसरीतला फक्त ऑडिओ तिच्यात जोडा आणि प्रत्येक ट्रॅकला भाषा नेमून द्या. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा जराही उतरत नाही. मध्येच आणि शेवटी ओठ-आवाज जुळतात का ते तपासा, मगच दुसरी फाइल काढा.