अर्धांगवायूनंतर वडिलांना शब्द सापडत नाहीत. स्पीच थेरपीसाठी एआय असलेले कोणते अ‍ॅप घ्यावे?

कोणते अ‍ॅप, यापेक्षा त्यातले शब्द कोणाचे, हे आधी पाहावे. यावरून माझे आणि थोरल्या भावाचे आजही पटत नाही.

आईला अफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा वापरण्यात येणारी अडचण) झाला तेव्हा तिला समजत सारे होते. फक्त शब्द ऐन वेळी जिभेवर येत नसे आणि 'ते... ते गं' म्हणत ती कपाळावर हात मारून घेई. दादाने परदेशातून टॅब्लेट पाठवला, त्यात आवाज ऐकून गुण देणारे अ‍ॅप घालून दिले आणि आता थेरपिस्टची फी कशाला, असे फोनवर जाहीर केले. तीन आठवड्यांनी कपाचे चित्र पाहून आई स्पष्ट 'च्या' म्हणाली. आमच्या कोल्हापूरकडच्या घरात चहाला तेच म्हणतात, पण यंत्राला 'चहा' हवा होता, म्हणून त्याने लाल फुली दिली. त्या दिवशी तिने टॅब्लेट पालथा ठेवला.

थेरपिस्टबाईंनी मग आमच्याच स्वयंपाकघरातला तवा, पोळपाट, रोजचा कप यांचे फोटो काढायला लावले, नावे माझ्या आवाजात भरून घेतली आणि अडल्यास शब्दाचा फक्त पहिला ध्वनी ऐकू येईल अशी सोय केली. रोजचा वीस मिनिटांचा सराव मात्र त्याच टॅब्लेटवर झाला, आणि तो रोज करून घ्यायला कोणी बाई घरी येणे आम्हांला परवडले नसते, हेही खरे.

ब्रिटनमध्ये २७८ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बिग कॅक्टस' चाचणीत एका गटातल्या प्रत्येकाने स्वतःच्या उपयोगाचे १०० शब्द निवडून संगणकावर सराव केला. ते शब्द सुधारले. प्रत्यक्ष संभाषण मात्र सुधारल्याचे दिसले नाही. दादा पहिले वाक्य वाचून दाखवतो, मी दुसरे. आईचेही तसेच झाले: तवा आला, पण 'तवा तापलाय, गॅस बारीक कर' हे जेवणाच्या वेळी आम्ही घाई न करता थांबलो, तेव्हाच आले.

वडिलांना शब्द आठवतात पण जीभ जड पडते, असे असेल तर तो डिसार्थ्रिया असू शकतो आणि वरचे बरेचसे लागू होणार नाही; निरोगी आवाजांवर शिकलेली यंत्रे अशा बोलण्यात अधिकच चुकतात. म्हणून आधी थेरपिस्टकडून तपासणी करून घ्यावी. तोवर गरजा सांगण्यापुरते आयआयटी मुंबईचे 'जेलो' हे चित्रांचे मोफत अ‍ॅप मराठीत आहे, पण ती थेरपी नव्हे.