किलोमीटर मोजता येतात, तरी 'लेस' कसं?

प्रश्न असा आहे: इंग्रजीत 'कमी' म्हणताना मोजता येणाऱ्या नामांना 'फ्यूअर' आणि न मोजता येणाऱ्यांना 'लेस', हा नियम आपण सगळ्यांनीच पाठ केलेला. मग 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स' बरोबर आणि 'फ्यूअर दॅन फाइव्ह किलोमीटर्स' कानाला खटकणारं, असं का? किलोमीटर तर मोजण्यासाठीच आहेत.

शंका रास्त आहे. नियम चुकीचा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. नाम मोजता येतं की नाही यापेक्षा त्या वाक्यात आपण ते सुटं सुटं धरतोय की एकगठ्ठा, हे बघायला हवं. पाच किलोमीटर म्हणजे पाच वेगवेगळ्या वस्तू नव्हेत, ते एक अंतर आहे. तसंच पन्नास डॉलर म्हणजे पन्नास नोटा नव्हेत, एक रक्कम. दोन तास म्हणजे एक कालावधी, साठ किलो म्हणजे एक वजन. म्हणून या सगळ्यांना 'लेस दॅन'.

अडलं तर एक सोपी चाचणी आहे. तेच शब्द कर्त्याच्या जागी ठेवा आणि क्रियापद कोणतं येतं ते बघा. 'फाइव्ह किलोमीटर्स इज अ लाँग वे' असं म्हणतात, इथे 'आर' येत नाही. एकवचनी क्रियापद बसलं की 'लेस'. 'फाइव्ह स्टुडंट्स आर वेटिंग' म्हणजे अनेकवचन, तिथे 'फ्यूअर'. गंमत म्हणजे मराठीही हे जाणते, फक्त 'कमी' या एकाच शब्दामागे ते झाकलेलं असतं. 'पाच किलोमीटर काही कमी नाही' आणि 'पाच माणसं काही कमी नाहीत' ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. जो फरक आपण 'नाही' आणि 'नाहीत'मध्ये करतो, तोच इंग्रजी विशेषणात करते.

आता हा नियम किती जुना? नवव्या शतकात, राजा आल्फ्रेडच्या काळच्या इंग्रजीतही मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस' लावलेला सापडतो. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी इंग्रजी भाषेवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की संख्येबद्दल बोलताना लोक सर्रास 'लेस' वापरतात, पण मला वाटतं तिथे 'फ्यूअर' जास्त शोभेल. 'मला वाटतं', एवढंच. पुढे व्याकरणकारांनी त्या आवडीचा कायदा करून टाकला. याउलट 'जास्त'च्या बाजूला जुन्या इंग्रजीत खरोखर दोन शब्द होते, संख्येला 'मो' आणि प्रमाणाला 'मोअर'. त्यातला 'मो' मागे पडला, आणि आज 'मोअर वॉटर', 'मोअर बुक्स' दोन्ही एकाच शब्दावर बिनतक्रार चालतं. 'लेस'च्या मागेच एवढा ससेमिरा का, ते कळत नाही.

पण वाद तापतो खरा. सुपरमार्केटांच्या झटपट रांगेवरची 'टेन आयटम्स ऑर लेस' ही पाटी शुद्धलेखनवाद्यांना इतकी सलायची, की ब्रिटनमधल्या टेस्कोने 2008 मध्ये 'अप टु टेन आयटम्स' असं लिहून दोन्ही शब्दांना बगल दिली. माझ्या मते पाटी चुकीची नव्हतीच. 'वन लेस थिंग टु वरी अबाउट' मध्ये तर 'फ्यूअर' घालणारा माणूस इंग्रज असला तरी परकाच वाटेल.

विशेषणाआधी आणि क्रियापदाबरोबर ('लेस टायर्ड', 'टॉक लेस') फक्त 'लेस', तिथे प्रश्नच नाही. जाता जाता आणखी एक: 'नो लेस दॅन अ हंड्रेड' म्हणजे तब्बल शंभर, 'नॉट लेस दॅन अ हंड्रेड' म्हणजे किमान शंभर. पहिल्यात आश्चर्य आहे, दुसऱ्यात फक्त हिशोब.

मग परीक्षेत काय लिहायचं? साध्या अनेकवचनी नामाआधी निमूट 'फ्यूअर' लिहा: 'फ्यूअर मिस्टेक्स', 'फ्यूअर पीपल'. तिथे गुण घालवून इतिहास सांगत बसण्यात अर्थ नाही. बोलताना 'लेस पीपल' निघून गेलं तर समोरच्याला अर्थ कळतोच.

एका ठिकाणी मात्र काळजी घ्याच, कारण तिथे अर्थच बदलतो. 'फ्यूअर सीरियस प्रॉब्लेम्स' म्हणजे गंभीर अडचणी संख्येने कमी. 'लेस सीरियस प्रॉब्लेम्स' म्हणजे अडचणी असतील कितीही, पण तितक्या गंभीर नाहीत. मराठीत आपण 'कमी'ची जागा हलवून हे साधतो: 'गंभीर अडचणी कमी आल्या' आणि 'कमी गंभीर अडचणी आल्या'. इंग्रजीत जागा तीच राहते आणि शब्द बदलतो, त्यामुळे अनुवाद करताना इथे हमखास घसरायला होतं.